झोपेतलं आमेन

आपण स्वतःला अर्पण केलं आहे, ही बातमी संयोगिताला शनिवारी सकाळी दूधवाल्याकडून कळली.

"ताई, सोमवारपासनं अर्धा लिटर कमी घालू न्हवं?" किटलीचं झाकण लावत त्यानं विचारलं. "तुमी अप्पांच्याबरोबर बिद्रीला निघालाय म्हणं. कायमचं."

"कोण म्हणालं?"

"सगळा बोळ म्हणतोय की. देवाच्या नावानं नोकरी सोडली म्हणं. लई मोठं मन हाय बघा तुमचं. आमच्या घरात तसलं कोण न्हाय." आणि त्या मोठ्या मनाकडं एकदा आदरानं बघून तो गाडीला किक मारून निघून गेला.

संयोगिता पातेलं धरून जिन्यातच उभी राहिली. मोठं मन म्हणे. तिनं आत चाचपून बघितलं, तर हाताला लागली ती नुसती झोप आणि थोडी भूक. सोमवारपासून तिला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फाउंड्रीच्या तपासणी विभागात शिफ्ट इनचार्ज म्हणून उभं राहायचं होतं. त्या शेडमध्ये बाईमाणूस इनचार्ज झालेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. नवा निळा कोट इस्त्री होऊन गच्चीवरच्या तिच्या खोलीत खुंटीला टांगला होता. वारं आलं की तो बाह्या हलवायचा, जसं काही आत कुणी शिरून, बटणं लावून, तिचीच वाट बघत थांबलंय.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. मीनावहिनी उद्याच्या ईस्टरच्या जेवणासाठी लसूण सोलत बसल्या होत्या.

"वहिनी, मी बिद्रीला चाललोय?"

वहिनींनी मान वर केली नाही. "असं काय करतीस? काल तूच आमेन म्हणालीस की. आणि केवढ्यांदा! फुडच्या बाकावरची म्हातारी दचकून उठली."

तेव्हा मग काल काय घडलं ते तिला हळूहळू, उसवलेल्या शिवणीसारखं, टाक्याटाक्यानं आठवू लागलं.

काल गुड फ्रायडे. भर दुपारची लांबच लांब उपासना. वधस्तंभावर प्रभू जे सात वेळा बोलला, त्यातला एकेक उद्गार घेऊन मंडळीतल्या सात जणांनी बोलायचं, ही रीत. यंदा तिसरा उद्गार उदयसिंहदादाकडं होता. प्रभू मरता मरता आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, तो. संयोगिता रात्रपाळीनंतर डोळा न मिटताच देवळात आली होती. डोक्यावर पंखा, पोटात उपास, आणि दुसऱ्या उद्गाराचे वक्ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी प्रभूशेजारच्या वधस्तंभावरल्या चोराला नंदनवनात पोचवलं तोवर ती झोपेत त्याच्या आधीच पोचली होती. कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा दादाचा आवाज आला होता, "संयू, अप्पांकडं तू जाशील न्हवं?" आणि झोपेच्या भारानं तिची मान पुढं पडली होती.

तेवढ्यावर दादा उठून व्यासपीठावर गेला. आईबाप सांभाळणं म्हणजे काय, हे त्यानं मंडळीला सांगितलं, आणि दाखला दूरचा कशाला, म्हणून घरचाच दिला. चर्चचे पाळकसाहेब चष्मा काढून उभे राहिले. त्यांनी त्या भगिनीच्या राजीखुशीच्या त्यागाबद्दल लांबलचक प्रार्थना केली. आणि ती भगिनी, मंडळीच्या "आमेन"च्या गजरानं दचकून जागी झाली आणि आपण मागं पडायला नको म्हणून सगळ्यात मोठ्यांदा ओरडली, "आमेन!"

बाहेर पडताना बायकांनी तिचे हात दाबले, एकीनं तर मुका घेतला. तिला वाटलं, गुड फ्रायडे आहे, माणसं हळवी होतात.

"वहिनी, मी झोपलोतो!"

"ते मला काय म्हाईत?" वहिनींनी लसणीची पाकळी ताटात टाकली. ठण्‌ वाजली ती. "हे मला म्हणाले, तिनं होकार दिलाय. मी म्हटलं, दिला असंल. तू कशाला न्हाय म्हणतीस कधी?"

हे मात्र खरं होतं. शाळेत रजेच्या अर्जाखाली 'आपली आज्ञाधारक' लिहायची सवय. ती शाळा सुटली तरी सुटली नाही. मिरजेचं स्थळ आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. "संयू हाय म्हणून बरं," एवढंच दादा म्हणाला, आणि पाहुणे चहा पिऊन आल्या एसटीनं परत गेले. आई गेली, मग धाकट्या अमरसिंहाचं शिक्षण, मग दादाच्या क्लासच्या मुलांचे पेपर तपासणं, मग डिसेंबरात बिद्रीच्या घरात पाय घसरून पडलेल्या वडिलांना, अप्पांना, इथं राजारामपुरीत आणणं. आता अप्पा 'घरी सोडा, घरी सोडा' म्हणत होते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तिथं एकटं कसं सोडायचं? दिवसभर कुणीतरी जवळ पाहिजे. ते कुणीतरी कोण, हे समुद्र्यांच्या घरात न बोलताच ठरलेलं असायचं.

तेवढ्यात खालून हाक आली, "आरं कोण हाय का घरात? बकरं आलंय!"

बकऱ्याबरोबर विठाबाई आत्ती आली होती. खरं तर आत्तीबरोबर बकरं आलं होतं. पण टेंपोतून आधी ते उतरलं आणि मग त्याच्या शिंगाला धरून ती. अप्पांची ही थोरली बहीण. अप्पांच्या बापानं मिशनच्या दवाखान्यातून बरं होऊन सगळ्या घरानिशी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आत्ती लग्न होऊन मुरगूडकडं गेलेली होती. त्यामुळं ती तिकडंच राहिली, खंडोबा-बिरोबाच्या हद्दीत. पण दर ईस्टरला बकरं घेऊन यायची. म्हणायची, "तुमचा देव मेल्याला उठतोय, मग भावाच्या घरी मी जिती असून यायचं न्हाय व्हय?"

पार्किंगमध्ये, 'समुद्रे क्लासेस'च्या पाटीच्या नळीला बकरं बांधलं. काळं, कपाळावर पांढरा चांद, डोळे एखाद्या सासऱ्यासारखे. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर अप्पा बसले होते, काठी मांडीवर आडवी. रसूलभाई सुरी पुसत उभे होते. पुण्याहून आलेला अमरसिंह फोनवर बकऱ्याचे फोटो काढत होता, आणि दादा पांढराशुभ्र शर्ट सांभाळत लांबून सूचना देत होता.

"करा रसूलभाई सुरू. मला अकराची बॅच हाय."

"थांब," आत्ती म्हणाली. "अंग झाडल्याबिगर सुरी लावायची न्हाय."

आत्तीच्या गावाकडची ही रीत. बकऱ्यावर पाणी शिंपडायचं. त्यानं थरथरून अंग झाडलं, तर ते राजी आहे, देवानं घेतलं. नाही झाडलं, तर थांबायचं.

"आत्ती, ते आपल्यात चालत न्हाय," दादा वडिलकीच्या आवाजात म्हणाला. मंडळीत तो 'वडील' होता, तिथं त्याला मतदान करून वडील केलं होतं, आणि तो आवाज तो घरीही वापरायचा. "आपल्यासाठी एकच कोकरू मारलं गेलंय, प्रभू स्वतः, एकदाच, सगळ्यांच्या वतीनं. त्यानंतर बळी संपले. हे नुसतं मटण हाय."

"मग मटणालाबी इचारून घ्या. तोंड झिजतंय का?"

आत्तीनं वाटीभर पाणी बकऱ्याच्या पाठीवर शिंपडलं. बकऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि पाटीवरचा 'दहावी' हा शब्द चाटला. तिनं तांब्याभर ओतलं. बकरं हललं नाही. आत्ती त्याच्या कानामागं खाजवत, जात्यावर बसल्यासारखी डुलत, बारीक आवाजात म्हणाली,

"माळ घातली गळ्यात, गुलाल लावला कपाळा
कुणी पुसंना बकऱ्याला, तुला जायाचं का बाळा"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर संयोगितानं ती ओवी ऐकली. तिनं दुधाचं पातेलं अजून हातातच धरलं होतं. ते तिनं पायरीवर ठेवलं.

"दादा," ती म्हणाली. "मी बिद्रीला जातोय, हे मला सोडून सगळ्यांस्नी म्हाईत हाय."

"आता हितं नको, संयू."

"मग कुठं? देवळात? तिथं मी झोपलोतो."

अमरसिंह फुस्सकन हसला. दादानं त्याच्याकडं बघितल्यावर तो परत बकऱ्याचा फोटो काढू लागला.

"हे बघ," दादा जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "मी विचारलं, तू मान हलवलीस."

"पडली ती. हलवली न्हाय."

"आणि आमेन? तेबी पडलं? आमेन म्हंजे तसंच होवो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीनं ऐकलं. देवासमोर झालेली गोष्ट हाय ही. आता मागं घेतली तर मी कुठल्या तोंडानं उद्या तिथं उभा राहू?"

"म्हंजे तुझं तोंड ऱ्हावं म्हणून मी जायाचं?"

"तसं न्हवं गं." दादानं कपाळ चोळलं. पहाटे उठून अप्पांना संडासला नेताना त्याची पाठ धरली होती, हे तिला माहीत होतं; तो वाकला की अजून 'आई गं' म्हणायचा. "मी दमलोय. क्लासचं बघू, ह्यांचं बघू. तुझी खोली मिळाली तर वर ऑनलाइन बॅच तरी बसंल. तू एकटी हाईस. तुला ना मूल ना बाळ. आणि तू असं कधी... तू ऐकत आलीस की गं सगळं. आज्ञा पाळणं हीच आपली खरी उपासना हाय. प्रभूनं तोंड उघडलं न्हाय. कातरणाऱ्याच्या पुढं मेंढरू गप बसावं, तसा गेला तो."

"एक मिनिट," अमरसिंह म्हणाला. "आत्ती, हे बघ, बकरंबी गप हाय. म्हंजे राजी हाय का?"

"गप म्हंजे गप," आत्ती म्हणाली. "राजी म्हंजे राजी. एवढं तरी शिकीवलं न्हाय व्हय रं पुण्यात?" मग ती दादाकडं वळली. उदयसिंहाला ती नि अप्पा 'उद्या' म्हणत. तिच्या पाठीला बाक होता, त्यामुळं ती कुणाकडंही बघताना खालून वर, रागानं बघितल्यासारखी बघायची. "उद्या, मला एक सांग. तुमच्या देवानं जीव दिला, तो कुणी ढकलून दिला का आपणहून?"

"आपणहून, आत्ती. तोच तर फरक हाय. त्याचा जीव कुणी घेतला न्हाय. त्यानं दिला. स्वखुशीनं. त्याच्या त्या आज्ञाधारकपणामुळंच आपण सुटलो."

"बरं झालं बाई. आणि ह्या पोरीनं कवा दिला?"

दादानं शर्टाची बाही सारखी केली.

"न्हाय, आमचा बिरोबा अडाणी. तो बकऱ्यालाबी इचारतो. तुमचा शिकल्याला, म्हणून पोरीला इचारत न्हाय व्हय?"

"पावणं," रसूलभाई मधेच म्हणाले, "देवाचं तुमी सावकाश मिटवा. मला अजून दोन घरं हायती. ह्याचं काय करू?"

"ओत रं अमऱ्या बादली," आत्तीनं हुकूम सोडला. "उनाचं बकरं हाय, कातडी तापल्याली हाय. थोड्या पाण्यानं कळत न्हाय त्याला."

अमरसिंहानं नळाखाली बादली भरली. टाकीतलं नव्हे, बोअरचं पाणी, एप्रिलातसुद्धा दात वाजतील असलं. पण तो ती उचलेना. शाळेत असताना जत्रेत बकऱ्याच्या मागं धावणारा हा पोरगा आता महिनाभर मांस सोडून बसला होता, हे त्यानं अजून घरात सांगितलेलं नव्हतं. "मला न्हाय बघवत," तो पुटपुटला. "तायडे, तूच."

संयोगितानं बादली उचलली.

पुढं काय झालं, ते समुद्र्यांच्या घरात कित्येक वर्षं वादात राहिलं. तिनं नेम बकऱ्यावर धरला होता आणि बकरं ऐन वेळी बाजूला झालं, असं अमरसिंह शपथेवर सांगतो. बकरं होतं तिथंच होतं, असं मीनावहिनी म्हणतात, आणि त्या वेळी जिन्यातून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. ते काहीही असो. गार पाण्याची अख्खी बादली उदयसिंह समुद्रे यांच्या पांढऱ्या शर्टवर बसली. श्वास आत अडकला, डोळे फिरले. आणि मग टाळूपासून टाचेपर्यंत, गाल, खांदे, पोट, कोपरं, सगळंच्या सगळं थरथर थरथर हललं आणि चारी दिशांना तुषार उडाले.

"झाडलं!" आत्ती दोन्ही हात वर करून ओरडली. "झाडलं गं बाई झाडलं! घेतलं देवानं!"

"आं?" रसूलभाईंनी बकऱ्याकडं बघितलं, मग दादाकडं. "मग ह्यास्नी धरू का?"

"ठरलं!" आत्तीला आता आवर नव्हता. "आपला उद्या जाणार बिद्रीला. राजीखुशीनं. आमेन म्हणा रं सगळी!"

"आमेन!" अमरसिंह म्हणाला.

"ओ! काय चाललंय काय!" दादा भडकला. केसांतून पाणी ओघळत होतं, तोंडात जात होतं, तो थुंकत बोलत होता. "गार पाणी वतल्यावर कोणबी अंग झाडंल! ते काय माझ्या हातात हाय? अंग आपोआप हलतं! ह्याला काय होकार म्हणत्यात?"

म्हणाला, आणि थांबला.

पार्किंगमध्ये नुसता पाण्याचा टपटप आवाज राहिला. समोरच्या रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचं गाणं आलं आणि गेलं. दादाच्या चेहऱ्यावर आपणच बोललेला शब्द हळूहळू परत येऊन बसला, भिजलेल्या शर्टासारखा, गार आणि चिकट.

"म्हण की परत," संयोगिता हळू म्हणाली.

जिन्यातून खुसखुस आवाज आला. मीनावहिनी हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, अनेक वर्षांचं राहून गेलेलं हसू हसत होत्या. मग टॉवेल घेऊन त्या खाली आल्या. दादानं हात पुढं केला. वहिनी त्याच्या हाताखालून तशाच पुढं गेल्या आणि बकऱ्याची पाठ पुसू लागल्या.

"अगं ए! मी हाय हितं!"

"तुमी राजी हाईसा. हे बिचारं न्हाय," वहिनी म्हणाल्या. "आणि संयू, मघाशी लसूण सोलताना मला म्हाईत हुतं, तू झोपलीतीस म्हणून. कालच्या आमेनचा आवाजच तसा हुता, झोपंतला. मी गप बसलो. खोली मिळतीया म्हणून गप बसलो."

ठक्‌, ठक्‌, ठक्‌. अप्पांनी काठी पाटीच्या नळीवर आपटली. सगळ्यांनी वळून बघितलं. गेला अर्धा तास ज्या माणसाबद्दल हे सगळं चाललं होतं, तो तिथंच चार हातांवर बसला होता, आणि त्याच्याकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"झालं का माझं वाटप?" अप्पांनी विचारलं. "न्हाय, सावकाश होऊ द्या. मी काय, मी वधस्तंभ हाय. खांद्यावर कुणी घ्यायचा ते तुमी ठरवा. खांबाला कोण इचारतंय."

"अप्पा, तसं न्हाय—" दादा म्हणाला.

"भिजलाईस, गप बस जरा." अप्पांनी श्वास घेतला. "उद्या, काल तू तिसऱ्या उद्गारावर बोललास. लई ग्वाड बोललास. पण वधस्तंभावर जायच्या आदल्या राती बागेत काय झालं, ते तुमी सगळी घाईनं वलांडून जाता. तुमची आई न्हवती जात. बनाबाई जात्यावर बसली की काय म्हणायची, ध्यानात हाय कुणाच्या?"

अप्पांनी स्वतःच म्हटलं. गळा फाटका होता, चाल मात्र आईची होती, ओळीच्या शेवटी जरा वर जाऊन खाली बसणारी.

"गेथशेमनीच्या बागंत, घाम रगताचा गळं
बाप आभाळी मुका गं, लेक तिनदा कळवळं"

"तिनदा," अप्पा म्हणाले. "बापाला तिनदा इचारलं प्रभूनं, हा प्याला टळतोय का बघ की. नको म्हणून बघितलं. तोंड उघडलं न्हाय ते फुडं, शिक्षा देणाऱ्या सायबाच्या फुडं. बापाच्या फुडं उघडलंतं. रडून, भांडून, घामाघूम हून मग हो म्हणाला. म्हणून ते हो. ज्याला नको म्हणायची सोय न्हाय त्याचा हो कसला? ती बेडी. मी संयूला कवा नको म्हणू दिलं? मिरजंचं स्थळ आलं तवा मीबी खाली मान घालून चहाच पीत हुतो."

आत्तीनं पदरानं नाक पुसलं. रसूलभाईंनी सुरी पाठीमागं धरली, का ते त्यांनाही कळलं नसावं.

"हिकडं ये, संयू."

ती गेली. अप्पांनी तिचा हात धरला. बिद्रीच्या साखर कारखान्यात जन्मभर फिटरकी केलेला तो हात, पान्यानं नट आवळून आवळून बोटं वाकडी झालेली. लहानपणी बिद्रीला ह्याच हातानं त्यांनी तिला लोखंड ओळखायला शिकवलं होतं. हातोडीनं नुसतं टिचकी मारल्यासारखं मारायचं आणि ऐकायचं. भेग असली की आवाज बसका येतो, वरनं कितीही चकचकीत असू दे. तीच विद्या तिला फाउंड्रीत घेऊन गेली होती. बाकीचे मशिनवर जायचे, ती आधी हातोडी उचलायची.

"आता मी इचारतो," अप्पा म्हणाले. "जागी हाईस न्हवं? हां. माझ्याबरोबर बिद्रीला येणार?"

'हो' लगेच वर आलं. सवयीचंच ते, बोलावण्याची वाट बघत उंबऱ्यावर बसलेलं. अप्पांचे पांढुरके डोळे समोर होते. ह्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण ओठांवर यायच्या आत तिनं त्या 'हो'वर मनातल्या मनात एक टिचकी मारली, आणि ऐकलं. बसका आवाज आला. खालपासून वरपर्यंत चिरलेला.

"न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "मी न्हाय येणार. मला सोमवारी कामावर जायाचंय. मला ते पायजे."

म्हणून झाल्यावर ती वाट बघत राहिली, आता काहीतरी कोसळेल.

अप्पांनी मान कलती करून, डोळे मिटून, लोखंडातला आवाज विरेपर्यंत ऐकावं तसं ऐकलं.

"खणखणीत हाय," ते म्हणाले. "भेग न्हाय कुठं." मग तिचा हात न सोडताच, जरा हळू म्हणाले, "मला काळजी हुती बघ, तू हो म्हणतीस का काय. मग तिथं रोज सकाळी उठून तुझं तोंड बघायचं कसं? कारखान्याचा भोंगा झाला की मी उठणार, आणि समोर तू, कामावर न गेल्याली."

संयोगितानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. रडली की हसली ते पाठीवरून कळत नव्हतं.

"आणि तू रं, उद्या?" अप्पांनी विचारलं. "अंग तर झाडलंस. येणार?"

दादानं शर्ट पिळला. खूप वेळ पिळत राहिला. "न्हाय," शेवटी म्हणाला. "खरं सांगू? न्हाय, अप्पा."

"वा! ह्याचाबी खणखणीत हाय!" अप्पा हसले आणि खोकले. "बरं झालं. आज ह्या घरात दोन माणसं खरं बोलली. आता मी हितंच ऱ्हातो. मंडळीतलं आमेन तू निस्तर. मला निस्ता भोंगा ऐकू येत न्हाय, झोप लागत न्हाय, एवढंच हाय."

वहिनींनी टॉवेल पिळून दादाच्या खांद्यावर टाकला. त्याला बकऱ्याचा वास येत होता, तरी त्यानं तो घेतला.

"मला रविवारी सुट्टी असती," संयोगिता गुडघ्यावरूनच म्हणाली.

"तुला कोण म्हणालं का काय?" अप्पा दचकले. "मी न्हाय म्हणालो."

"कोण न्हाय म्हणालं. मीच म्हणतोय." तिनं डोकं वर केलं. "उपासना झाली की गाडीवरनं तुमास्नी न्हेतो. घर उघडू, झाडू मारू, तुमी कट्ट्यावर बसा. भोंगा ऐकायचा आणि परत यायचं."

"दर रविवारी?"

"मला वाटंल त्या रविवारी."

अप्पांनी परत मान कलती केली. मग काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

आणि तेव्हा, कुणीही पाणी टाकलेलं नसताना, पुसून कोरडं केलेल्या त्या बकऱ्यानं मान उचलली आणि शिंगापासून शेपटीपर्यंत, कातडीची घडी न घडी हलवत, कान फडफडवत, खडखडून अंग झाडलं.

सगळे बघत राहिले. अमरसिंहाचा फोन हातातच राहिला. रसूलभाईंची सुरी पाठीमागून अर्धवट पुढं आली. आत्तीनं तोंड उघडलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. मग तिनं, दादानं, वहिनींनी, एकेकानं वळून संयोगिताकडं बघितलं, जसा काही निकाल आता तिच्याकडं होता.

संयोगिता उठली. बकऱ्याजवळ गेली. त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर हात ठेवून तिनं नीट बघितलं.

"माशी बसलीती, आत्ती," ती म्हणाली, आणि दावं सोडलं.